सातुर्निनोने पाणी तोडलं

सातुर्निनो यूहरा सव्वीस वर्षं पठारावरच्या टाकीवर चावीवाला होता. मी त्याच्याच हाताखाली कामाला. त्या टाकीतून पाण्याची मोठी लाइन खाली ला पाझ शहरात उतरते, आधी उतारावरच्या कच्च्या विटांच्या वस्त्यांना आणि मग तळाच्या बंगल्यांना. वर आम्ही आयमारा, या डोंगरांतले मूळचे लोक, तळाशी साहेबलोक. उतारावर राहणारेही आमचेच, बंगल्यांची धुणीभांडी करणारे.

त्या वर्षी निवडणुकीवरून देश दुभंगला. आमच्या लोकांनी दगड आणि पेटते टायर टाकून रस्ते अडवले. खालच्यांनी गल्ल्यांच्या तोंडाशी पत्रे ठोकून पहारे बसवले. रेडिओवर कुणी म्हणे सैन्य फुटलं की निकाल लागेल, कुणी म्हणे डिझेल संपलं की. सातुर्निनो कोकाची पानं चघळत ऐकायचा आणि पाणी सोडायची वेळ झाली की उठायचा.

मग त्याची शेजारीण प्लासिदा नाक्यावर गोळी लागून मेली. पावाची टोपली घेऊन चालली होती. गोळी कुणाची, ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही.

तिला पुरून आम्ही परतलो, तर आमच्या वरच्या वस्तीचा पुढारी रुफिनो टाकीवर येऊन बसलेला.

"सातुर्निनोभाऊ, बंदुका त्यांच्याकडे आहेत. चावी तुझ्याकडे आहे."

सातुर्निनोने त्याला समजावलं. बंगल्यांवर हजारो लिटरच्या टाक्या आहेत, आधी उतार कोरडा पडेल, आपली बहीण एर्मिनिया तिथेच राहते.

"तीन दिवसांचा तर प्रश्न आहे," रुफिनो म्हणाला. "ताईला सांग, भांडी भरून ठेव."

मी तिथेच होतो, म्हणून सांगतो, त्याच्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती. त्याच्या नखांत अजून कबरीची माती होती. त्याने मोठ्या लाइनच्या चावीच्या चाकाला हात घातला. ते एकट्याने फिरत नाही. दुसरा हात माझा होता.

दुसऱ्या दिवसापासून रुफिनोची माणसं टाकीच्या फाटकावर बसली. तिसऱ्या दिवशी पोलीस बंदोबस्तात बंगल्यांकडे टँकर गेले. उतारावरच्या बाया गटाराच्या ओढ्यावरून पाणी आणू लागल्या. चौथ्या दिवशी एर्मिनियाच्या मुलीचा, ग्रेगोरियाचा, फोन आला. आईला जुलाब लागलेत, उलट्या थांबत नाहीत.

सातुर्निनोने पाण्याचे दोन कॅन पाठीला बांधले आणि चालत निघाला. त्याला अडवलं ते आमच्याच नाक्यावर. खाली पाणी नेणारा म्हणून त्याला शिव्या घातल्या. तो म्हणाला, पाणी मीच तोडलंय. त्यावर एक पोरगी हसली.

"मग आता कशाला नेतोस, काका?"

त्यांनी कॅन रस्त्यावर उपडे केले.

तो परत आला आणि मला म्हणाला, चल, उघडू. मी म्हटलं, फाटकावर माणसं आहेत, जरा थांब. माणसं होती, हे खरं. पण मला भीतीही वाटत होती.

सहाव्या दिवशी मंत्री हेलिकॉप्टरने वर आले आणि करारावर सह्या करून गेले. सैन्य फुटलं नव्हतं, डिझेलही शिल्लक होतं. लोक म्हणाले, पाण्याने जिंकलं. आम्ही दोघांनी चाक फिरवलं. आणखी दोन दिवसांनी एर्मिनिया इस्पितळात वारली.

अंत्ययात्रेला रुफिनो झेंडा घेऊन आला. या माणसाने एकही गोळी न झाडता लढाई जिंकली, असं भाषण त्याने सातुर्निनोकडे हात करून, शवपेटीजवळ उभं राहून केलं. ग्रेगोरियाने ते संपू दिलं. मग तिने विचारलं, "मामा, उतार आधी कोरडा पडणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मग खांदा देऊ नका."

तो मागे सरकला. त्याच्या जागी मी खांदा दिला. चाकावरच्या माझ्या हाताबद्दल तिला कुणी सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नाही.

करारात माफी होती, पण फक्त पुढाऱ्यांना. सातुर्निनोला घातपाताच्या नावाखाली कामावरून काढलं. रुफिनो आता खाली एका सरकारी कचेरीत बसतो आणि तळाच्याच बंगल्यांत राहतो. सातुर्निनो दर रविवारी वाळवलेल्या बटाट्यांची पिशवी घेऊन उतार उतरतो आणि ग्रेगोरियाच्या दाराशी ठेवतो. ती पिशवी उचलते, न उघडता शेजारणीला देऊन टाकते. त्याला ते माहीत आहे.