रविवारी डोंगरीला

या, जवळ या. दारातूनच ‘बरं आहे ना’ विचारून सटकता, ही काय रीत झाली? बसा जरा. आज आमच्या ऑफिसातल्या भाऊंचं सांगते.

“आधी युनिट बोला, मग चहा!” ताठ चालणारा म्हातारा दिसला की तो फौजेतलाच असं धरून भाऊंचं हे ठरलेलं. एकदा सोसायटीच्या नव्या वॉचमनला गाठलं, “कौनसी युनिट, चाचा?” तो म्हणाला, “साब, मैं तो हलवाई था.” तरी चहा पाजलाच.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. इंद्रलोक नावाच्या वस्तीजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात आम्ही दोघं कारकून. डबा उघडला की यांची लढाई सुरू. भाताची टेकडी, वरणाची नदी, पापडाचा पूल. “ताई, शत्रू इकडून येतोय बघा!”

“येऊ दे. आधी जेवा, वरण गार झालं.”

मग हसत पूल खाऊन टाकायचे.

फौजेतून परतलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, हे त्यांना फार लागायचं. मोठ्या बाईंच्या मागे लागून त्यांनी एका सव्वीस जानेवारीला नगरसेवकाचं भाषण रद्द करवलं. त्याऐवजी समुद्रकाठच्या डोंगरी गावचे एक बाबा बोलणार, एकाहत्तरच्या लढाईत लढलेले. मुलांची तालीम भाऊंनीच घेतली. बाबा बोलताना थांबले की टाळ्या, अगदी जोरात. म्हाताऱ्याला आपली कदर वाटली पाहिजे, एवढाच हेतू हो.

बाबा आले. शाल झाली, नारळ झाला. भाऊंनी माइकवर विचारलं, “बाबा, तुमच्यातले कोण कोण परत आले नाहीत?”

बाबांनी माइक जवळ ओढला. मग त्यांनी एक नाव घेतलं आणि थांबले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी दचकून पाहिलं. दुसरं नाव घेतलं. पुन्हा टाळ्या, आणखी जोरात. भाऊ हातांनी ‘नको, नको’ करत होते. मुलांना वाटलं, अजून जोरात हव्यात.

“टाल्या कनाला?” टाळ्या कशाला, बाबांनी एवढंच विचारलं. शाल खुर्चीवर ठेवली आणि फाटकाबाहेर पडले.

त्यानंतर भाऊंच्या डब्यात भात नुसता भात राहिला. “ताई, टाळ्या मीच शिकवल्या हो,” मधेच म्हणायचे. मी त्यांच्या भातावर वरण वाढायची.

मग भाऊ दर रविवारी बस धरून डोंगरीला जायला लागले. आधी बाबा दारच उघडेनात. भाऊ अंगणात, वाळत घातलेल्या बोंबलांजवळ बसून परत यायचे. पुढे कधीतरी आतून आवाज आला, “आला काय टाल्यावाला? बस.” मग दोघं बसायचे. भाऊंनी लढाईचा शब्दही काढला नाही. माफी मात्र त्यांना कधी मागता आली नाही. तोंड उघडलं की बाबा म्हणायचे, “चाय पी.”

त्यातच एका सकाळी भाऊ गेले. हृदयाचं दुखणं, कुणाला सांगितलंच नव्हतं. बाबांना कळवायला मीच गेले. ऐकून त्यांनी एक बोंबील उलटा केला, मग दुसरा. ओळ संपल्यावर विचारलं, “मंग रविवारी कोन येल?”

तेव्हापासून मी जाते. पण माझे गुडघे आता बसची पायरी चढू देत नाहीत, आणि बाबा वाट बघतात. म्हणून म्हणते, रविवारी सकाळी लवकर या घरी. चहा घेऊ आणि तुमच्या हाताला धरून डोंगरीला जाऊ. तिथे काही विचारायचं नाही, नुसतं बसायचं. याल ना येत्या रविवारी?