खडूमामा आणि रिकामी टाकी

खडूमामांच्या एका खिशात पेजर असायचा आणि दुसऱ्या खिशात पांढऱ्या खडूचा तुकडा. त्यामुळे त्यांची उजवी मांडी कायम पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायची. आमच्या औषधांच्या कारखान्यात पेजरची यंत्रणा बसवायचं आणि सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. ते कारखान्याच्या एकेका कोपऱ्यात जाऊन उभे राहत आणि मी टेलिफोनच्या खोलीतून त्यांना मेसेज पाठवायचे. पेजर वाजला तर ते पुढे सरकत. नाही वाजला तर तिथल्या भिंतीवर हातभर फुली मारत. सफाईवाल्या मावशींनी एकदा अशी फुली पुसली, तर मामांनी त्यांच्यादेखत ती दुप्पट मोठी काढून दिली.

तोवर बाहेर ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला होता. क्रांती चौकातल्या दुकानात मी एकदा पेजरचा पट्टा मागितला, तर दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कंदिलाची वात मागितली होती. पण आमच्याकडे चटकन पेट घेणाऱ्या द्रावणांची पिंपं होती. मोबाइल गेटवरच जमा व्हायचे. आतल्या माणसाला निरोप द्यायचा तर पेजरवरूनच, आणि तो मी द्यायचा. मी नवी होते. नोकरीत कायम व्हायला दोन महिने उरले होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी ठाम समजूत होती.

पेजरवर फक्त निरोप येतो, त्यावरून उत्तर देता येत नाही. म्हणून मामांनी एक नियम घालून दिला होता. ज्याला निरोप मिळाला त्याने जवळच्या फोनवरून मला कळवायचं. तो फोन आला की मग मी वहीत टिक करायची. दोन मिनिटांत फोन आला नाही तर माणूस पिटाळायचा. मामांचे वडील फुलंब्रीकडे मेंढरं राखायचे. मामा म्हणत, "ताई, हाक मारली म्हंजी झालं असं नसतंय. मेंढराची मान वळली का, ते बघाया लागतंय." मी मान डोलवायचे आणि निरोप पाठवल्याबरोबर टिक करून मोकळी व्हायचे. फोन येतच असत, कधी पाच मिनिटांनी, कधी दहा. तेवढा वेळ कोण बसून राहणार?

ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. शहर बिडकीनपर्यंत हातपाय पसरत होतं, रोज नवी कंपनी आणि नवी कॉलनी, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. कारखान्याला येणारं पाणीही निम्म्यावर आलं आणि आमची जमिनीखालची मोठी टाकी पहिल्यांदाच कोरडी पडली. रिकामी आहे तोवर गाळ काढून घ्या, असं साहेबांनी ठरवलं. सुपरवायझर दोन मजुरांना घेऊन आत उतरले. टाकीत अंधार, म्हणून वरच्या बोर्डावरून वायर सोडून दिवा लावला होता. त्या वायरला दोन ठिकाणी जोड होते आणि जोडांवर नुसती चिकटपट्टी होती. पाण्याचा टँकर दुपारी तीनला यायचा होता.

तो अकरालाच आला. गेटवरून फोन आला, "ताई, टँकर आलाय. ड्रायव्हर थांबायला तयार नाय, त्याला पुढं लई खेपा हायेत. सोडू का?" मी सुपरवायझरांना निरोप पाठवला: टँकर आला, लगेच बाहेर या. वहीत टिक केली. आणि गेटला म्हणाले, "सोडा."

मामा त्या दिवशी पेजरच्या बॅटऱ्या बदलायला आले होते आणि माझ्या समोरच्याच टेबलावर बसले होते. त्यांनी मान वर केली. "कोणाला पाठवलं?"

"सुपरवायझरांना. टाकीत आहेत ते."

"टाकीत?" मामांचा चेहरा उतरला. "त्यांचा फोन आला?"

"येईल की."

त्यांची नजर वहीतल्या टिकवर गेली, मग माझ्याकडे. पुढच्या क्षणी खुर्ची आडवी झाली आणि साठीला टेकलेला तो माणूस आवारातून धावत सुटला. मी गेटला फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलेना. गेटवरचा माणूस टँकरला वाट दाखवायला गेला होता. मग मीही पळाले. पाणी भरायचा पाइप कुंपणाच्या बाजूला होता आणि टाकीचं तोंड इमारतीमागे. ड्रायव्हरला आत माणसं आहेत हे दिसणं शक्यच नव्हतं. टाकीच्या तोंडाशी एक माणूस ठेवला होता, पण तो दोरी आणायला गेला होता. पाइपातून पाणी पडत असल्याचा आवाज मला लांबूनच आला.

मामांनी आधी बोर्डावरची दिव्याची पिन उपटली, मग ते टाकीच्या तोंडाशी आडवे पडून ओरडले, "वर या! वायरला हात लावू नका, वर या!" आतून शिव्या आल्या. त्या शिव्या ऐकून मला रडू फुटलं, कारण शिव्या देणारी माणसं जिवंत होती. पाणी घोट्याच्या वर आलं होतं. दिव्याची वायर त्यात बुडाली होती. दोन्ही मजूर धड वर आले. सुपरवायझर अंधारात घसरले आणि त्यांचा हात मोडला.

हात मोडला म्हणून चौकशी झाली. सुपरवायझर म्हणाले, पेजर वाजलाच नाही. साहेबांनी वही पाहिली. टिक म्हणजे निरोप गेला, एवढंच त्यांना वाटलं. तिचा खरा अर्थ त्या खोलीत मामांना आणि मलाच ठाऊक होता. मी तोंड उघडणार होते असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. पण मी उघडलं नाही. मामा म्हणाले, "साहेब, टाकीत सिग्नल जात नाय. मी सगळा कारखाना तपासला, टाकी नाय तपासली. कायम भरलेली असायची, पाण्यात माणूस कशाला जाईल म्हणलं. माझी चूक हाये."

खोटं काहीच नव्हतं त्यात. अर्धं मात्र माझं होतं. महिनाअखेरीला त्यांचं काम काढून शहरातल्या एका एजन्सीला दिलं.

शेवटच्या दिवशी मी त्यांना गेटवर गाठलं. "मामा, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

ते पेजरची पेटी सायकलला बांधत होते. "तुमचं सांगितलं असतं तर तुम्हाला काढलं असतं. मग त्या खुर्चीत नवीन पोरगी आली असती आन् तिनं परत तेच केलं असतं. तुमचा हात आता थांबंल." दोरीची गाठ त्यांनी दोनदा ओढून पाहिली. "थांबंल ना?"

"व्हय," मी म्हणाले. त्यांच्या बोलीत, का कोण जाणे.

पुढे अकरा वर्षं मी त्या खुर्चीत होते. फोन आल्याशिवाय एकदाही टिक केली नाही. नव्या ऑपरेटरना मी हा नियम शिकवला, नियम कोणी घातला तेही सांगितलं, टाकीची गोष्टही सांगितली. त्या गोष्टीत मी टिक केलेली नसायची.

मामांना दुसरीकडे काम मिळालं की नाही, मला ठाऊक नाही. त्यांचं फुलंब्री शहरापासून तासाभराच्या आत आहे. मी कधी विचारायला गेले नाही.