तीनशे तेरा नंबरची स्कूटर

तेव्हा स्कूटर पैसे टाकून मिळत नव्हती, पाळी आली तर मिळायची. माझी ताई ताडकळसकडच्या खेड्यांत नर्स होती, बाळंतपणाला पायी जायची. तिनं नंबर लावून सहा वर्षं झाली होती. पाळी आल्याचं कार्ड घेऊन आम्ही परभणीच्या शोरूमला गेलो, तर मालक म्हणाला, "गाड्या संपल्या. वरचे दोन हजार ठेवा, मग बघू."

दारात दोन गाड्या उभ्या होत्या! ही विक्री नाही, लूट आहे, असं मी तिथंच ओरडलो. मालकानं मला दार दाखवलं.

तेवढ्यात कोपऱ्यातला कारकून उठला. त्याच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली होती. आधी त्यानं ताईला स्वतःची खुर्ची दिली. मग बोट जिभेला लावून बुकिंगचं रजिस्टर उघडलं आणि भरल्या दुकानात मोठ्यानं म्हणाला, "शेठजी, काल तीनशे बारा गेला. आज तीनशे तेरा हाय, या बाईंचा. आमच्या शाळेत तर असंच शिकवलं."

गिऱ्हाइकं हसली आणि रजिस्टरभोवती जमली. प्रत्येकाला आपापल्या नंबराची काळजी होती. मालकाला गाडी द्यावीच लागली.

निघताना मी कारकुनाला नाव विचारलं. मी तेव्हा एक छोटं पत्रक काढायचो, त्यात छापणार होतो.

"नका छापू, दादा. मला उद्या बी इथंच यायचंय."

मी ओरडून घरी निघालो होतो. तो खरं बोलून त्याच मालकासमोर परत जाऊन बसला. त्याचे आमच्यावर उपकार आहेत. नाव आजही लिहीत नाही.