दोन कदेलां हाड

गुडघा टेकलेला. बोटं चुन्याच्या रेषेमागे. मान खाली. तालुक्याची निवड चाचणी, शाळकरी मुलांची शंभर मीटर. आता बंदूक वाजणार, तेवढ्यात एक पॉलिश केलेली चप्पल माझ्या बोटांसमोर येऊन थांबली.

"ए भायल्या, ऊठ. दोन कदेलां हाड."

कदेल म्हणजे खुर्ची, हाड म्हणजे आण. पोर्तुगीज गेले, कदेल ठेवून गेले. आणि त्यावर बसून हुकूम सोडायची खोडही. भायलो म्हणजे बाहेरचा. मी गोव्यात, पेडण्यात जन्मलो, तुयेच्या मराठी शाळेत शिकलो. पण बाप चंदगडकडचा, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात कामाला. तेवढं पुरतं. बाप घाटावरून उतरला की पोरगा जन्मभर बाहेरचा.

चप्पल बाबची होती. बाब म्हणजे माझे वडील नव्हेत. तालुक्याच्या क्रीडा संघटनेचे सेक्रेटरी. त्यांना सगळा तालुका 'बाब' म्हणतो, आपणही तसंच म्हणू. कुणीतरी बडा पाहुणा अचानक आला होता आणि त्याच्या बुडाखाली काही नव्हतं. रेषेवर सगळे गुडघे टेकून होतो. चप्पल नेमकी माझ्यापाशी थांबली.

मी उठलो. धावत गेलो, हे आठवलं की आजही तोंड कडू होतं. मंडपातून दोन कदेलं घेऊन धावत आलो. शर्यत होऊन गेली होती. माझ्या लेनमध्ये नुसते चवड्यांचे खड्डे. मी बाबकडे बघितलं.

"फुडल्या वर्सा," बाब म्हणाला. "पयलीं आमची भुरगीं." म्हणजे आधी आमची पोरं.

पाहुणा बसला. मी उभा.

पुढच्या वर्षीही कदेलं होती. त्याच्या पुढच्याही. कधी धावायला मिळायचं, कधी नाही. कदेलं मात्र न चुकता. भाड्याच्या खोल्यांमधली आम्ही सगळी पोरं त्या मैदानाला शर्यतीचं मैदान म्हणतच नव्हतो. "आज कदेलांना जायचंय," असं म्हणायचो. हसत म्हणायचो. लाज वाटायची अक्कल नव्हती आम्हाला.

बारावीनंतर मामाकडे गडहिंग्लजला गेलो. तिथं मी 'गोव्याचा'. तेही चिडवायचे, पण रेषेवरून कुणी उठवलं नाही. एवढंच झालं आणि मी धावलो. जिल्ह्यात, राज्यात, देशाच्या शिबिरात. मग एक दिवस भारताचा बनियन अंगात घालून परदेशातल्या एका भल्यामोठ्या छपराखाली उभा होतो. आशियातल्या देशांची इनडोअर स्पर्धा. पुरुषांची साठ मीटर.

साठच. छपराखाली शंभर मावत नाहीत. शेवटी भिंत असते, तिला जाड गाद्या लावलेल्या. थांबायला जागा नाही. जीव तोडून पळायचं आणि गादीवर आदळायचं.

इनडोअर म्हणजे आतली शर्यत. आणि मी भायलो. मला एकट्यालाच हसू आलं.

प्रत्येक लेनच्या मागे एक टोपली ठेवलेली. अंगावरचे गरम कपडे काढून तिच्यात टाकायचे. मी टाकले. शेजारी श्रीलंकेचा पोरगा होता, उंच, माझ्यासारखाच काळा. त्यानंही टाकले. मग मी काय केलं? माझी टोपली उचलली. त्याचीही उचलली. दोन्ही घेऊन चालायला लागलो.

कुणी सांगितलं नव्हतं. हात आपले आपण गेले.

पांढऱ्या केसांचा एक माणूस, स्पर्धेचं जाकीट घातलेला, धावत आला. बाबच्याच वयाचा. दोन्ही टोपल्या माझ्या हातातून जवळजवळ हिसकावल्या. त्याची भाषा मला येत नव्हती. त्यानं टोपल्यांकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं. मग माझ्याकडे बोट केलं आणि रेषेकडे. हे माझं काम. तुझं ते.

मी गुडघा टेकला. अंगभर आग. भीतीची नव्हे. बाबनं माझ्याकडून कदेलं वाहून घेतली हे मला माहीत होतं. त्यानं ती माझ्या हातात पेरून ठेवलीत, हे त्या रेषेवर कळलं. इतक्या दूर, बाब नसताना, मी त्याचंच काम करत होतो.

बंदूक वाजली. बाकी आठवत नाही. गादीवर आदळलो तेव्हा तिसरा होतो. उपान्त्य फेरीत गेलो. तिथं शेवटचा आलो. लपवायचं काय त्यात? शेवटचा आलो, पण धावून.

परत आलो तर तुयेत फोन. बाबनं माझ्या वडलांना सांगितलं, "तुजो पूत तो आमचो पूत." पेडण्यात सत्कार. मी नको म्हणालो. वडील म्हणाले, "आरं, त्यांच्या गावात ऱ्हातो आपण. जाऊन ये." त्यांच्या गावात! ज्या माणसाचे केस या वसाहतीत पिकले, तो म्हणतो त्यांच्या गावात. आईनं शर्टाला इस्त्री केली. मी गेलो.

सभागृहाच्या दारावर फलक. 'गोंयचो पूत'. खाली माझं नाव. वर फोटो. फोटो त्या श्रीलंकेच्या पोराचा.

काळा, कुरळा, पळतोय. चालेल म्हणाले असतील. इतकी वर्षं त्या माणसानं माझ्या हातून कदेलं घेतली, पण माझं तोंड कधी बघितलंच नव्हतं. मी दारात उभा राहून हसत होतो, तेवढ्यात बाब बाहेर आला. कडक पांढरा शर्ट, कपाळावर घाम.

"ए, उबो कित्याक रावला रे? दोन कदेलां हाड. बेगीन!"

हात हलले. खरं सांगतो, हलले. मी ते खिशात घातले.

"कोणाक, बाब?"

"एक सायबाक, एक त्या चॅम्पियनाक."

"चॅम्पियन उबोच रावतलो," मी म्हणालो. "सायबाचें तुमीच हाडा."

मागचा शिपाई कुजबुजला, "बाब, तोच तो." बाब तोंडभर हसला. "अरे, फकाणां करतालों रे!" म्हणजे गंमत करत होतो म्हणे. हातातली शाल तिथंच माझ्या खांद्यावर टाकायला आला. मी मागे सरलो. ती खाली पडली. मी उचलली नाही.

आत माइकवर माझं नाव पुकारत होते तेव्हा मी तुयेच्या बसमध्ये होतो. त्या शालीचं काय केलं ठाऊक नाही. फोटोतल्या पोराचा पत्ता शोधा आणि पाठवून द्या.

वडील अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. खोलीच्या मालकानं आईला विचारलं, तुमच्या पोराला एवढा माज कसला? बाब अजून सेक्रेटरी आहे. मैदान त्याचंच आहे. काही बदललेलं नाही.

पण संध्याकाळी खोल्यांमागच्या मातीत पोरं-पोरी जमतात. मी त्यांना सुरुवात शिकवतो, आणि त्याआधी एक गोष्ट घोटून घेतो. रेषेवरून एकाला उठवलं तर सगळ्यांनी उठायचं. धावायचं नाही, हलायचं नाही, कदेलाला बोट लावायचं नाही.

चाचणी येतेय. आम्ही येतोय. कदेलं उन्हात पडून राहतील. ज्याला बसायचंय त्यानं स्वतः उचलून आणावीत. नाहीतर राहा उभे. आम्ही इतकी वर्षं उभे होतो, मेलो नाही.