दोन फोटोंमधली माया

सुरुवातीलाच सांगून टाकते – भूत, जिन, नजर, करणी यातलं मी काहीच मानत नव्हते. चाळिशीतली मी तर कुणाचंच काही मानत नव्हते, नवऱ्याचंसुद्धा. आता वयानं थोडी अक्कल आलीय म्हणतात... पण जे झालं त्याचा अर्थ अजून लागलेला नाही, म्हणून इथं लिहितेय.

भोरमध्ये आमचा फोटो स्टुडिओ होता. दोन हजार सालाच्या पुढं-मागं आम्ही कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला, आणि त्याबरोबर एक सीडी आली – फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरची. एका जागी उभं राहायचं, कॅमेरा थोडाथोडा फिरवत फोटो काढायचे, ते स्कॅन करायचे, की सॉफ्टवेअर त्यांचा एकच लांबलचक फोटो करून देणार. आज माझी नात सना मोबाईल गरकन फिरवते आणि झालं काम. तेव्हा मात्र ही विद्या अख्ख्या तालुक्यात मला एकटीलाच येते अशी माझी समजूत होती. साडीवर कॅनव्हासचे बूट, डोळ्यांवर गॉगल आणि तोंडात सारखं 'स्टिचिंग, स्टिचिंग'. कसलं ध्यान दिसत असेन!

तर एक दिवस वेल्ह्याच्या बाजूच्या एका खोऱ्यातून बबन नावाचा शेतकरी आला. गावाचं नाव लिहीत नाही, आता ते धरणाच्या पाण्याखाली आहे. त्या उन्हाळ्यात गाव उठत होतं. लोक घरांची कौलं, वासे, दारं उतरवून टेम्पोत भरत होते आणि सारोळ्याच्या बाजूला मिळालेल्या प्लॉटवर जात होते. बबनची बायकापोरं पुढं गेली होती. अडून बसली होती त्याची आई, हौसाबाई.

"भाभी, आय उंबऱ्यावरनं उठंना," बबन म्हणाला. "म्हनती, न्यायचं तर समदं गाव न्या, न्हाईतर मला हितंच ऱ्हाऊ द्या. पाऊस लागला की पानी चढनार. आता गाव कसं न्यावं, तुमीच सांगा? तुमी त्यो लांबडा फोटू काढता म्हनं..."

बोलता बोलता त्याचे डोळे भरले. मी मात्र मनातल्या मनात लेन्स निवडत होते. अशी शहाणी मी!

कापूरहोळला एसटी बदलली, नसरापूरवरून पुढं गेले, शेवटचा रस्ता बबनबरोबर चालत. हौसाबाई खरंच उंबऱ्यावर बसलेली होती. एक गुडघा उभा, त्यावर हात, हिरवं लुगडं, गुडघ्यापाशी मोठं तांबडं ठिगळ. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "ही व्हय फोटूवाली? बूट तर पोलिसावानी घातल्यात."

गाव समोरच्या टेकडीवरून पूर्ण दिसत होतं. म्हातारीनं घराला कडी घातली, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि आमच्या पुढं चढायला लागली. मी धापा टाकत मागून. वर वारा होता, स्टँड हलत होता. तशी ती स्टँडपाशी बसली आणि त्याचा एक पाय धरून ठेवला. शेवटचा फोटो होईपर्यंत सोडला नाही. हे नीट लक्षात ठेवा.

"भाभी, ह्या फोटूंचं काय करनार?"

"स्टिचिंग. म्हणजे एकमेकांना शिवणार," मी ऐटीत.

"फोटू शिवनार! आन उसवला तर?"

"कॉम्प्युटरची शिवण आहे, आजी. उसवत नाही."

"माया किती ठिवतीस?"

"अं?"

"आगं, शिवनीला माया नगं का? जरा कापड आत दाबाया? वाकळ शिवताना बी आमी माया ठिवतो. न्हाईतर टाका कशात घालनार, वाऱ्यात?"

मी सांगितलं, ठेवते की. शेजारशेजारच्या दोन फोटोंत थोडा भाग तोच यावा लागतो, तिथंच जोड बसतो.

तिनं खाली गावाकडं बघितलं. मग म्हणाली, "तर माजं घर मायेत घे."

घेतलं. दोन्ही फोटोंत तिचं घर आलं. दार बंद, कडीला कुलूप.

भोरला येऊन स्कॅन केलं, सॉफ्टवेअर चालू केलं. त्या कॉम्प्युटरवर फोटो जोडायला टाकून चहा प्यायचा, पुन्हा चहा प्यायचा... शेवटी गाव एका पट्टीत उभं राहिलं. जोड कुठं दिसतोय का म्हणून मी फोटो मोठा करत सरकत गेले आणि हौसाबाईच्या घरापाशी थांबले.

दार उघडं होतं. उंबऱ्यावर बाई बसलेली. एक गुडघा उभा, त्यावर हात. हिरवं लुगडं, तांबडं ठिगळ.

मूळ प्रिंट काढल्या, भिंगाखाली धरल्या. दोन्हीत दार बंद. दोन्हीत कुणी नाही. पुन्हा स्कॅन, पुन्हा जोड... पुन्हा ती. ह्यांना हाक मारली.

"धूळ असेल स्कॅनरवर," हे म्हणाले.

"धूळ लुगडं नेसते होय?"

मग ह्यांनी काच पुसून, मला खुर्चीवरून उठवून, स्वतः जोडलं. आणि मागं टेकून बसले. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर एकही टोमणा मारला नाही.

ती आकृती पुसून टाकावी असं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? माऊस हातात घेतला. पण जिवंत माणसाला कसं पुसायचं? माऊस ठेवून दिला.

फोटो घेऊन गेले तेव्हा गावात तीन-चारच घरांवर कौलं होती. ऐन दुपार. बबननं फोटो उलगडला, घरापाशी बोट नेलं आणि त्याचा चेहराच उतरला. "आय... तू तर वर व्हतीस. आमच्यापाशी."

मी काही बोलायच्या आत म्हातारीनं फोटो मांडीवर घेतला. कापडाची शिवण चाचपावी तशी घरावरून बोटं फिरवली.

"हितंच माया ठिवली व्हतीस?"

"हो."

"मंग बराबर हाय."

असं म्हणून ती उठली. इतके दिवस गावानं, लेकानं, साहेब लोकांनी विनवून न उठलेली बाई लुगडं झटकून उभी राहिली. "चल बबन्या. आन टेम्पो."

बबन रडायलाच लागला. मग डोळे पुसून शिडी लावायला निघाला, तर तिनं अडवलं. "कौलं ऱ्हाऊ दे. तिला ऊन लागंल."

दार तसंच उघडं. बबननं कुलूप उचललं, तर म्हणाली, "घरात मानूस असताना भाईरनं कुलूप लावत्यात व्हय रं?"

टेम्पोत पुढं बसली, शेजारी मी. वळणावर मी मागं वळून बघितलं... तिनं नाही.

पुढं पाणी चढलं. अलीकडं सनानं त्याच जुन्या प्रिंट तिच्या लॅपटॉपवर जोडून बघितल्या. जोड सुरेख आला, दार बंद, उंबरा मोकळा. "दादी, तुमचं ते सॉफ्टवेअरच खराब होतं," म्हणाली. असेल. पण माझ्या भिंतीवरच्या जुन्या प्रतीत ती अजून बसलेली आहे, आणि खराब सॉफ्टवेअरला ठिगळाचा रंग कुणी सांगितला, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर मी सारोळ्याच्या बाजूला तिला भेटायला गेले होते. बरी होती. सुनेला चिडवत होती, माझे बूट कुठं गेले विचारत होती. दिवेलागण झाली तशी सून दिवा लावायला उठली आणि माझ्यापाशी तक्रार केली, "बगा की भाभी, तिकडं रोज ह्याच दिवा लावायच्या. हितं आल्यापास्नं एक दिस हात लावला न्हाई."

हौसाबाई खोऱ्याच्या दिशेला बघत बसली होती. सहज बोलावं तसं म्हणाली,

"म्या कशाला लावू? तिनं लावला असंल की."