बिनकेपचा कप्तान गगन

मागाखाली सुताची गुंतवळ साचते ना, तसे हे किस्से आमच्या कारखान्यात साचत गेले. रोज कोणी बघत नाही, आणि एक दिवस झाडायला वाकलं की पोतं भरतं. आता तुम्ही म्हणाल, एका पिक्चरवरून एवढं डोकं कशाला तापवायचं? तापतं! ज्याचं तापत नाही, त्याने पुढे वाचायची तसदी घेऊ नये.

तर नव्वदीतली गोष्ट. सुरतेजवळ कडोदऱ्याला आमचा पॉवरलूमचा कारखाना. त्यात आम्ही चौघे गगनवाले. मी अमळनेरचा. निंबा पारोळ्याचा, आमच्यात शिकलेला तोच, चिठ्ठीपत्री त्याच्याकडे. उत्तम परभणीकडचा, बोलायला लागला की मागाचा आवाज कमी वाटायचा. आणि भटूआप्पा, धुळ्याकडचे, वयाने सगळ्यांत मोठे, चार नंबरच्या मागाचे कारागीर.

कप्तान गगन म्हणजे कोण, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांची मला दया येते. तरी सांगतो. हिंदी पिक्चर, तीन भाग आले होते. दिवसा टपाल कचेरीत साधा कारकून, आणि कोणावर संकट आलं की पाठीवर जांभळी केप बांधून आभाळात! पहिला भाग झकास. दुसरा बरा. तिसऱ्यात गगनला जुळा भाऊ काढला आणि तिथे सगळं बोंबललं. मग काही वर्षं चिडीचूप. आम्ही वाट बघत बसलो, की कोणीतरी शहाणा माणूस चौथा भाग काढेल.

*

पहिला भाग सुरतेला लागला तेव्हाचा किस्सा आधी सांगायला पाहिजे.

आम्ही पडद्यापासून चौथ्या रांगेत. गगन पहिल्यांदा उडतो तो सीन. कॅमेरा मागून, पडदाभर नुसती केप फडफडतेय. सगळं थेटर शिट्ट्या मारतंय. आणि भटूआप्पा ताडकन उभे!

"ते मनं कापड शे!" म्हणजे, ते माझं कापड आहे!

मागून लोक ओरडले, "बैठ जाव काका!" आप्पा कसले बसतात! हात लांब करून पडद्याकडे दाखवतायत, "मनं कापड शे रे! ती रेघ देख, रेघ!"

रेघ होती. खरंच होती. त्याचं असं आहे, मागावर एखादी तार तुटली आणि कारागिराचं लक्ष नसलं, तर कापडात उभी रेघ पडते. आमच्याकडून माल जातो तो ग्रे, म्हणजे बिनरंगाचा, पांढरा. रंग पुढे दुसऱ्या मिलमध्ये चढतो. मग जांभळं झालेलं आपलं कापड ओळखायचं कसं? खोटीवरून! आप्पांच्या साटिनमध्ये किनारीपासून चार बोटांवर रेघ आली होती, मध्ये एक गाठ होती, आणि माल तपासणाऱ्या मास्तरने सगळ्यांसमोर त्यांना झापलं होतं, "असलं कापड कोण घालणार?"

घ्या! कप्तान गगनने घातलं!

बाहेर आल्यावर आम्ही त्यांना खांद्यावर घ्यायला निघालो, तर आप्पांचे डोळे भरलेले. म्हणाले, "आयुष्यात एकदा माझं काम एवढ्या लोकांनी पाहिलं, आणि भिंतीएवढी खोट पाहिली."

दुसऱ्या भागात तीच केप, तीच रेघ. तिसऱ्यातही तीच. दर वेळी आप्पा त्या सीनला मान खाली घालायचे. एकच धोसरा, गगनच्या पाठीवर एकदा तरी बिनखोटीचं कापड चढवायचं. लोकांना घर बांधायचं असतं, पोरीचं लग्न करायचं असतं. आप्पांचं ते सगळं उरकलं होतं. राहिलं होतं ते एवढंच.

*

नव्या पिक्चरची बातमी आम्हाला न्हाव्याच्या दुकानात लागली. निंबाच्या अर्ध्या गालाला साबण, हातात सिनेमाचा पेपर. तो मोठ्याने वाचायला लागला.

जुना निर्माता वारला होता. त्याचा मुलगा कप्तान गगन पुन्हा काढणार होता. पण चौथा भाग नाही! पहिल्यापासून नवीन सुरुवात. नवा हिरो, नवी गोष्ट, जुन्या तीन भागांशी काही संबंध नाही.

संबंध नाही? अरे, तुझ्या बापाने काढला आणि तुझा संबंध नाही? नव्या गगनची नोकरी काय, तर कॉम्प्युटर कंपनीत! टपाल कचेरी रद्द. आई रद्द. ती बिचारी तिन्ही भागांत दारात उभी राहून वाट बघायची, तिला पहिल्या रिळातच मारून टाकणार. आणि गाणी परदेशात. गगनला परदेशात काय काम आहे? आमच्या इथली संकटं संपली काय?

उत्तम खुर्चीवरून उठलाच. "जुने तीन भाग झालेच नाहीत म्हणे! मग मी तिसरा भाग चारदा पाहिला, तो कोणाच्या बापाचा?"

मी म्हणालो, "गगनला नवा करायला तो काय फाटलाय?"

आप्पा एकटेच खुशीत. "चिडता कशाला? नवा पिक्चर म्हणजे नवी केप. नवी केप म्हणजे नवं कापड."

त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तम खाली बसला. निंबाने उरलेला गालही करून घेतला.

*

उत्तमचा राग मात्र उतरला नाही. कारखान्यासमोर कनुकाकांची चहाची लारी, म्हणजे हातगाडी. कनुकाका गुजराती, पिक्चर फारसे बघत नाहीत, सहज बोलून गेले, "जूनुं गयुं ते सारुं थयुं." जुनं गेलं ते बरंच झालं!

झालं! उत्तमने कप तसाच ठेवला. "आजपासून तुमचा चहा बंद!"

पंधरा दिवस हा बाबा चहासाठी पार हायवेपर्यंत चालत जायचा. उन्हात जायचा, उन्हात यायचा, आल्यावर घसा कोरडा तो कोरडाच. सोळाव्या दिवशी गुपचूप येऊन कनुकाकांच्या बाकड्यावर बसला.

कनुकाकांनी विचारलं, "कां, मानी गया?"

"कशाचं मानतो! हायवेवालाही तुमच्याच मताचा निघाला!"

*

नवा गगन आम्ही प्रत्यक्ष पाहिला. रिंगरोडच्या मार्केटात एका साडीच्या दुकानाचं उद्घाटन होतं, पाहुणा म्हणून हाच. आमची त्या दिवशी वीज बंद, म्हणजे सुट्टी. चौघेही इस्त्रीचे कपडे घालून गेलो.

काय सांगू! जुना गगन कसा, दारातून आत आला की दार लहान वाटायचं. हा पोरगा गॉगल लावून, एक जण त्याच्या डोक्यावर छत्री धरून. ऊन नव्हतं हो, मंडपात होता! रिबीन कापायला कात्री दिली, तर दोनदा प्रयत्न करावा लागला. हा दुनिया वाचवणार!

गर्दीत आप्पा कोपरं मारत पार पुढे गेले. हात जोडून विचारलं, "साहेब, केप राहील ना?"

पोरगा हसला. "अंकल, केप आउटडेटेड है. इस बार रबर का सूट है. इम्पोर्टेड."

रबर! सुरतेत येऊन, कापड मार्केटात उभं राहून, चारी बाजूंना साड्या टांगलेल्या असताना हा माणूस सांगतो, कापड आउटडेटेड! आणि लोक टाळ्या वाजवतायत! कापडाचे व्यापारी टाळ्या वाजवतायत!

परत येताना रिक्षात आम्ही तिघे त्या पोराच्या नावाने बोटं मोडत होतो. कडोदऱ्याचा फाटा आला तेव्हा आप्पा म्हणाले, "त्याने अजून चांगलं कापड पाहिलं नाही. पाहिलं तर बोलणार नाही असं."

*

कारखान्याच्या शेठला विचारायला आप्पा स्वतः गेले. एरवी सुट्टी मागायलाही निंबाला पुढे घालणारा माणूस!

बीम, म्हणजे मागावरचा सुताचा रूळ, संपत आला की शेवटी थोडा ताणा, म्हणजे उभं सूत, उरतो. तो द्या म्हणाले, एका केपपुरता. शेठने वर न बघता विचारलं, "पिक्चरवाळाने?" पिक्चरवाल्यांना, म्हणजे. मग चष्मा काढला आणि म्हणाला, "मारो छोकरो पण गगन गगन करे छे. लई लो." शेठचा पोरगाही गगनवाला निघाला!

मग आप्पांचं विणणं जे सुरू झालं, ते बघायला दुसऱ्या कारखान्यातले लोक यायला लागले. रोजच्या कामाला चार नंबरसोबत शेजारचेही माग एकटा सांभाळणारा माणूस, या कामाला एकाच मागासमोर उभा. तार जरा सैल वाटली की माग बंद. पाणी प्यायचं तरी माग बंद. उत्तमने जवळ जाऊन काही विचारलं, तर आप्पांनी न वळता सांगितलं, "तोंड उघडलंस तर शटल घालीन तोंडात."

उतरवल्यावर चौघांनी ते कापड चार कोपऱ्यांना धरून खिडकीसमोर ताणलं. वरून खाली, खालून वर, तीनदा पाहिलं. रेघ नाही, गाठ नाही, डाग नाही. मास्तर, तोच मास्तर, मागे येऊन उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "कोणाच्या हाती लागतंय कोण जाणे."

*

आता पत्राचा किस्सा. इथे आमचं चुकलं, मी कबूल करतो. पण मनात काही वाईट नव्हतं!

निर्मात्याचा मुंबईचा पत्ता सिनेमाच्या पेपरात मिळाला. पत्र हिंदीत लिहायचं ठरलं, लिहिणारा निंबा, सांगणारे तिघे. उत्तम म्हणाला, आधी दम भर, नाहीतर वाचणार नाही. मी म्हणालो, मापाचं लिही. आप्पा म्हणाले, नम्रपणे लिही. निंबाने तिघांचंही ऐकलं. शेवटी पत्र झालं ते असं:

"सेठजी, नमस्कार. केप नही तो कप्तान गगन खतम समझो. साथ में कपडा भेजा है. पूरे आदमी के नाप का है, सर से पाँव तक ढकेगा. संभाल के रखना, टाइम पे काम आयेगा."

खाली सही काय करायची? आमच्याकडे कापडाच्या ताग्याच्या टोकाला कारागिराचं नाव नसतं, मागाचा नंबर असतो. आप्पांना नाव लिही म्हटलं तर लाजले. म्हणून निंबाने लिहिलं, "चार नंबर, सुरत."

पार्सल रजिस्टर करून आलो. कनुकाकांकडे चहा घेतला. निम्मा कप झाला आणि निंबाचा चेहरा उतरला.

"अरे, रंग!"

रंग! कापड पांढरंच गेलं होतं! आमच्या डोक्यातच आलं नाही. अहो, जन्मभर आमच्या हातून माल पांढराच गेला, आमच्या लेखी मागावरून उतरलं की कापड पूर्ण. जांभळं करायचं काम आमचं कधी नव्हतंच! आप्पा म्हणाले, "असू दे. रंगवून घेतील. त्यांच्याकडे माणसं असतील."

*

दहाबारा दिवसांनी कारखान्यात पोलीस आले.

तुम्ही तो काळ आठवा. मुंबईच्या सिनेमावाल्यांना तेव्हा धमक्या यायच्या, फोन यायचे, लोक जिवाला घाबरून असायचे. अशात त्या निर्मात्याने पार्सल उघडलं, तर आत पांढरंशुभ्र कापड, माणसाच्या मापाचं, आणि ही चिठ्ठी! त्याने शूटिंग बंद केलं. हिरो कुठल्याशा मावशीकडे जाऊन लपला. आणि पोस्टाचा शिक्का बघत बघत फौजदार आमच्या दारात.

"आ चार नंबर कोण छे?"

माग बंद झाले. आप्पा पुढे आले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "मीच. पंधरा वर्षं झाली."

चौघांनाही चौकीवर नेलं. तासभर नुसता गोंधळ. निंबाला धड गुजराती येईना, उत्तमला गप्प बसता येईना. फौजदार टेबलावर हात आपटून एकच विचारतोय, "कफन कोणे मोकल्युं?" कोणी पाठवलं? मी सांगतोय, साहेब, कफन नाही, केप आहे! तो म्हणतो, केप सफेद होय? शेवटी आप्पा रडकुंडीला आले. म्हणाले, "साहेब, मेलेल्या माणसासाठी कोणी साटिन विणतं का? मुंबईच्या पोलिसांना विचारा, हात लावून बघा म्हणावं. एक रेघ दाखवा त्याच्यात. एक गाठ दाखवा. आठ दिवस झोप नव्हती मला, का, तर गगनच्या पाठीवर खोट दिसू नये. त्याला तुम्ही कफन म्हणता?"

फौजदाराने आपटायला उचललेला हात खाली घेतला. हवालदाराने हळूच विचारलं, "कप्तान गगन? पेलो टपालवाळो?" आणि हसला. वारा फिरला हो! फौजदाराने मुंबईला फोन लावला, निर्मात्याला सगळं समजावून सांगितलं. गरीब विणकर आहेत, तुमच्या पिक्चरचे भक्त आहेत, ते कफन नाही, प्रेमाने पाठवलेलं कापड आहे. तिकडून हसण्याचा आवाज आम्हालाही आला. फौजदार म्हणाला, "लो काका, शेठ तमारी साथे वात करवा मागे छे."

आप्पांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आम्ही तिघे कान लावून. निर्माता फार गोड बोलला. म्हणाला, मी उगाच घाबरलो, माफ करा, इतकं सुंदर कापड मी पाहिलं नाही.

आप्पांचा चेहरा असा उजळला! विचारलं, "तो केप बनेगा ना, शेठ?"

"नहीं काका, केप तो नहीं होगा. वो रबर का सूट फायनल है. आपका कपडा मैं ऑफिस में रखूंगा, आपकी याद में."

फौजदार समोर बसून केस मिटल्याचा कागद लिहीत होता.

मग आप्पांनी घसा साफ केला आणि सगळ्या चौकीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"तो फिर शेठ, उसको कफनच समझो!"