कॉम्प्युटर तापेपर्यंत

आमचा जुना कॉम्प्युटर चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात विंझरच्या शिवारातलं धुकं उठून डोंगराच्या कमरेपर्यंत जायचं. बटण दाबलं की आतला पंखा घुरघुरायला लागायचा, पडद्यावर ते निळं चक्र फिरत राहायचं आणि मी हाताची घडी घालून बसायचे. माझा स्वभाव मुळात तापट. नसरापूरच्या एका प्रेससाठी मी घरबसल्या कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करते. लग्नसराईत तिकडून फोनवर फोन, आणि इकडे हे महाशय अजून डोळे चोळतायत!

पण याच वेळेला मामंजी यायचे. मामंजी म्हणजे माझे सासरे. एरवी सुनेच्या खोलीत पाऊल टाकणारा माणूस नव्हे. काही हवं असलं तर ओसरीवरूनच खाकरायचे. सासूबाई गेल्या आणि त्यांचं बोलणंच आटलं. माझ्या नवऱ्याशी, 'टेम्पो काढला का' आणि 'जेवलास का', एवढंच. पण पंख्याची घरघर ऐकली की उंबऱ्याशी येऊन विचारायचे, "तापलं का गं?" त्यांच्या लेखी हे यंत्रही नदीवरच्या डिझेल इंजिनासारखंच, तापल्याशिवाय चालणार नाही. मी म्हणायचे, "न्हाई अजून, मामंजी." मग ते आत येऊन भाताच्या पोत्यावर टेकायचे. "तापू दे. घाई कशाला?"

आणि बोलायला लागायचे. बोलणं सगळं सासूबाईंचं. त्या उत्रोलीच्या. नव्या नवरी असताना आमच्या घरच्या भाताला रोज नावं ठेवायच्या, माहेरच्या तांदळाचा वास म्हणे आळीभर जायचा. "लई चिडायचो म्या," मामंजी सांगायचे, "आन तिच्या हातचा भात गुपचूप दोनदा वाढून घ्यायचो." त्या निळ्या उजेडात त्यांचा चेहरा मला कुणा वेगळ्याच, तरुण, जरा लाजऱ्या माणसाचा वाटायचा. मी अर्धवट झोपेत असल्यासारखी ऐकत राहायचे. मग पडदा उजळायचा आणि ते गोष्ट तिथंच टाकून उठायचे. "झालं. कर तू काम." उरलेलं दुसऱ्या दिवशी.

तरी मी एसएसडी, म्हणजे कॉम्प्युटर झटकन चालू करणारी नवी डिस्क, घेतलीच. माझी फाईल उघडेपर्यंत प्रेसवाल्यांनी एक पत्रिका दुसरीकडून करून घेतली, आणि माझं डोकंच फिरलं. नसरापूरच्या दुकानदारानं दोन प्रकार समोर ठेवले. एक बोटभर लांबीची चपटी पट्टी. ती आमच्या म्हाताऱ्या मशीनला बसणारी नव्हती. दुसरी पत्त्यांच्या कॅटाएवढी, पण पातळ डबी. उचलली तर हाताला वजनच लागेना. "आत काही फिरत नाही ना ताई, म्हणून वेगात चालते," तो म्हणाला.

घरी येऊन प्लग काढला, कॅबिनेट उघडलं. आई गं, काय ती धूळ! कोपऱ्यात एका कुंभारमाशीनं मातीचं घरसुद्धा बांधलेलं. सीडी आता कोण लावतंय, म्हणून सीडी ड्राइव्हच्या वायरी काढून नव्या डबीला जोडल्या. जुन्या डिस्कवरचं सगळं हिच्यात उतरेपर्यंत उन्हं कलली. मग जुनी सोडवली आणि नवी तिच्या जागी बसवली. मामंजी ओसरीवरून विचारत होते, "काय बसवतीयास?"

"एसएसडी, मामंजी. हिनं लवकर चालू होतं."

"एस्टी?" ते हसले. "एस्टी कवापासनं लवकर याया लागली गं?"

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं आणि पडदा लख्खकन उजळला. मी आनंदानं टाळीच वाजवली. मामंजी उंबऱ्यापर्यंत आले होते. त्यांनी पडदा बघितला. "झालं व्हय? बरं बरं. कर तू काम." आल्या पावली माघारी गेले. पुढच्या सकाळीही तसंच. मग ते यायचेच थांबले.

पत्रिका चुटकीसरशी व्हायला लागल्या, पण सकाळ मला खायला उठायची. कुठून ही दुर्बुद्धी सुचली, असं वाटायचं. त्यांची गोष्ट तर ऐन मध्यावर थांबली होती. सासूबाई रुसून माहेरी निघाल्या होत्या, फाट्यावर एसटीची वाट बघत होत्या, आणि मामंजी शेतातून धावत सुटले होते.

मग एका सकाळी मी बटण दाबलंच नाही. घरघर हवी म्हणून टेबलफॅन लावला, काळ्या पडद्यासमोर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "आज काय हे तापतच न्हाई बाई!"

ओसरीवर हालचाल झाली. "न्हाई तापलं?"

"न्हाई ना. बसा की मामंजी. सासूबाई फाट्यावर गेल्या होत्या. पुढं?"

ते पोत्यावर टेकले. "पुढं काय! म्या पोचस्तवर एस्टी सुटलेली. हात वर करून मागनं पळालो. वाटलं, गेली आता. पर डायवरनं थांबवली."

"मग त्या उतरल्या?"

"छ्या! म्याच चढलो. दोन दिस उत्रोलीचा भात खाल्ला, मग घिऊन आलो." बोलताना डोळे भरले होते त्यांचे, आणि माझेही. बाहेर धुकं कधी उठलं, कळलंच नाही.

उठताना त्यांची नजर टेबलफॅनवर गेली. मग काळ्या पडद्यावर. मग भिंतीवरच्या बोर्डाकडे. कॉम्प्युटरचं बटण बंदच होतं. मी मान खाली घातली.

"तुझी एस्टी बरी हाय, पोरी," ते म्हणाले. "हात केला की थांबती."